टिकलीची जागा

"नमस्कार डॉक्टर. माझं नाव प्रांजल अजित मगदूम. मी बरी आहे. आपण कसे आहात?"

"हळू. 'आपण कसे आहात' म्हणताना थोडं हसायचं. आणि हात?"

प्रांजलचे हात कानांकडं निघाले होते. तिनं ते खाली आणून मांडीवर ठेवले.

"शाब्बास. आणि बघायचं कुठं?"

"टिकलीच्या जागेवर."

"डॉक्टर पुरुष आहेत, त्यांना टिकली नसणार."

"जागा असते," प्रांजल म्हणाली.

मी खूश. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली, पण त्या दिवशीचा माझा तो खुशीतला चेहरा मला अजून दिसतो, आणि एक द्यावीशी वाटते ठेवून.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याचा वरचा मजला होता. दर बुधवारी तिथं अपंगत्वाचे दाखले द्यायला तीन डॉक्टरांचं मंडळ बसायचं. बाहेर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बाकडी, आणि नंबर आला की शिपाई अशी काही घंटा बडवायचा की झोपलेली तान्ही पोरं दचकून रडायची. आमचा नंबर चौतीस. मी, प्रांजल आणि तिची आई त्रिशला, सकाळी साडेदहापासनं तिथं बसून होतो.

प्रांजल अठरा वर्षांची. तिला ऑटिझम, म्हणजे पूर्वी आम्ही स्वमग्न म्हणायचो ते. कवठ्यात अशा मुलांचा एक वर्ग होता, तो मी सव्वीस वर्षं चालवला. सगळं गाव मला माळगावे बाई म्हणूनच ओळखतं. निवृत्त होऊन मला दोनच वर्षं झाली होती. प्रांजल माझ्याच हाताखालनं गेलेली. हुशार पोरगी, गणितात तर विचारायची सोय नाही. पण मार्चमध्ये बारावीच्या पहिल्या पेपरला हॉलमध्ये चाळीस पोरं, डोक्यावर करकरणारा पंखा आणि त्यात पर्यवेक्षकांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वीस मिनिटांत ती मनगट चावत बाहेर आली, ती पुन्हा आत गेलीच नाही.

दाखला मिळाला तर तिला वेगळी खोली मिळणार होती आणि जादा वेळही. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत शुक्रवारी संपत होती. तिचे वडील अजितराव वाईट माणूस नव्हे. पण त्या दिवशीचं पोरीचं मनगट बघून त्यांनी सांगून टाकलेलं, दाखला मिळाला तर परीक्षा, नाहीतर पुस्तकं माळ्यावर. परत त्या हॉलात ते तिला पाठवणार नव्हते. त्रिशलाच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"त्या शीतलनी सांगितलं होतं, शाळेतल्या बाईंना आणाच," त्रिशला तिसऱ्यांदा म्हणाली. "अजून कसे आले नाहीत?"

या शीतलचं नाव मी आठवडाभर ऐकत होते. अपंगांच्या हक्कांसाठी भांडणारं कुणीतरी. भांडणारं म्हणजे आवाज चढवणारं नव्हे, अर्ज करणारं. तहसील कचेरीच्या पायऱ्यांशेजारी उतार व्हावा म्हणून यांनी दोन वर्षं दर सोमवारी अर्ज दिला होता. शेवटी साहेबच हात जोडून म्हणाले म्हणे, उतार बांधतो, पण तुमचा सोमवार आवरा. दुसऱ्या एका कचेरीत घंटेऐवजी आकड्यांचा फळा लावून घेतलेला. आता मला सांगा, अशा माणसाला बघायची उत्सुकता कुणाला नसेल?

आणि ते आले. करड्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. केस बारीक कापलेले. कानांवर यंत्रमागावरचे लोक कारखान्यात आवाजासाठी लावतात तसले मोठे काळे हेडफोन. हातात साडीच्या काठाची एक पट्टी, तिच्यावरनं अंगठा सारखा पुढं-मागं. वय तिशीच्या आसपास. आणि नाकाला टोचल्याची बुजत आलेली खूण.

बाप्या की बाई? माझी नजर हटेना. नावावरनं कळावं तर आमच्या भागात शीतल बापेही असतात आणि बायकाही. बोलण्यावरनं कळावं तर आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात.

"मी शीतल. उशीर नाही झाला. अकराची वेळ दिली होती, अकरा वाजलेत," ते म्हणाले आणि माझ्या समोर बसले.

बसले ते माझ्या कपाळाकडं बघत बसले. मी पदरानं कपाळ पुसलं. तरी बघतायत. परत पुसलं.

"काही लागलंय का हो?"

"नाही."

"तुम्ही मूळचे कुठले?"

"कवठ्याचाच."

"आमच्या? कुणाच्यातले?"

"आता एकटा राहतो."

हे काही उत्तर नव्हे. मी म्हटलं, आता सरळच विचारावं. "राग मानू नका हं. पण तुम्ही, म्हणजे, नक्की..."

"दोन्ही नाही," शीतल शांतपणे म्हणाले. "बाई नाही, पुरुष नाही. फॉर्मवर तिसरा रकाना असला तर तो भरतो. नसला तर अर्ज करून मागतो."

"असं होय," मी म्हटलं. आमच्या जैनांच्या पंगतीत कुणी कांदा चालत नाही म्हटलं की म्हणतात, तेवढ्याच सहज म्हणायचा प्रयत्न केला. फारसा जमला नसावा.

"आणि मला ऑटिझम आहे."

"काय सांगता! अजिबात वाटत नाही हो!" मी अगदी कौतुकानं म्हटलं.

शीतलचा अंगठा पट्टीवर थांबला. "हे लोक फार म्हणतात," ते म्हणाले.

आता कौतुकाचा विषय निघालाच होता, तर मला राहवतंय होय? माझ्या वर्गातल्या सगळ्यांत यशस्वी पोरीची गोष्ट मी आल्यागेल्याला सांगायची, ती त्यांनाही सांगितली. सहा वर्षांची आली तेव्हा कुणाकडं बघायची नाही, मुलीसारखी बसायची नाही, वेणी घालू द्यायची नाही. मी घासूनपुसून अशी तयार केली, की चौदाव्या वर्षी स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून, नथ घालून, पाहुण्यांच्या डोळ्यांत बघून तिनं स्वागताचं भाषण केलं. पाहुणे विचारायला लागले, या मुलीला आजार तो कुठला? तो फोटो माझ्या घरी दर्शनी भिंतीवर आहे.

"एकदम बरी झाली," मी म्हटलं. "आता कुठंतरी संसार थाटून बसली असेल. दोन लेकरंबिकरं असतील."

"तुम्ही तिला नंतर भेटलात?" शीतलनी विचारलं.

"नाही. सातवीनंतर ते लोक गाव सोडून गेले. पण माझी खात्री आहे."

त्यांनी प्रांजलकडं वळून बघितलं. तिचे हात पुन्हा कानांकडं निघाले होते आणि मी सवयीनं "हात!" म्हटलं होतं.

"बाई, तिला आता शिकवू नका," शीतल म्हणाले. "आहे तशी आत जाऊ दे. कान झाकले तर झाकू दे."

"अहो, डॉक्टरांसमोर गबाळी कशी पाठवू? सव्वीस वर्षं काढलीत मी यात."

"माहीत आहे."

मला त्या 'माहीत आहे'चा जरा रागच आला. तेवढ्यात घंटा बडवली गेली, चौतीस! त्रिशलाबरोबर प्रांजल उठली. दारापाशी मी तिची वेणी सारखी केली आणि कानात सांगितलं, "टिकली."

बारा मिनिटांत दोघी बाहेर. त्रिशलाच्या हातात कागद, आणि कागदावर लिहिलेलं, लक्षणं अत्यंत सौम्य, दाखल्यास पात्र नाही.

"नमस्कार काय केला, हसली काय," त्रिशला बोलायला लागली आणि तिचा आवाज फाटला. "डॉक्टर म्हणाले, माझ्या मुलीपेक्षा हीच नीट बोलती, उगंच कशाला पोरीला शिक्का मारून घेताय? बाई, काय केलासा हे तुम्ही! काय करून ठेवलासा!"

दाखला मागायला निघालेल्या पोरीला मी सकाळपासनं दाखला मिळू नये अशी तयार करत होते. एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात तेव्हा शिरली. शाळेत वर्षानुवर्षं माझं एकच, पाहुणे आले की पोरं चांगली दिसली पाहिजेत. हे डॉक्टर म्हणजे मला आणखी एक पाहुणेच वाटले होते.

प्रांजलच्या तोंडावर ते शिकवलेलं हसू अजून तसंच होतं. ते घेऊनच ती बोळाच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागं गेली, गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि मनगट चावायला लागली. मी पुढं झाले, तर शीतलनी हातानंच मला थांबवलं. ते तिच्यापासनं दोन हात अंतरावर जमिनीवर बसले. आपल्या कानांवरचे हेडफोन काढले आणि फरशीवरनं तिच्याकडं सरकवले.

तिनं ते लावले. हळूहळू मनगट सुटलं.

मग घंटा वाजली, पस्तीस. आणि सकाळपासनं दगडासारखा शांत असलेला शीतलचा चेहरा कुणी चटका दिल्यासारखा आक्रसला. खांदे कानांपर्यंत चढले. 'अजिबात वाटत नाही' म्हणाले होते मी. माझी मलाच शरम वाटली.

ते उठून आले, त्रिशलाकडनं कागद घेतला आणि वरपासनं खालपर्यंत बोट फिरवत वाचला. "इथं बघा. शिक्षकांचा अहवाल. रकाना रिकामा आहे. तो रिकामा ठेवून निकाल लिहिता येत नाही, यांच्याच नियमात आहे. मंडळ दीडपर्यंत बसतं, आता बारा दहा झालेत. अहवाल लावला तर त्यांना मुलीला पुन्हा बघावं लागेल."

"मग लावा की! मी आणलाय!" मी पिशवीतनं प्रांजलचं प्रगतिपुस्तक काढलं.

शीतलनी उघडून वाचलं. "डोळ्यांत बघून बोलते. एका जागी शांत बसते. वर्तन उत्कृष्ट." त्यांनी ते मिटून माझ्या हातात दिलं. "हे लावलं तर संपलं. दुसरा अहवाल लिहा. आत जे दिसलं, ते कसं शिकवलं ते लिहा."

"म्हणजे काय लिहू? माझ्याकडं शिकून पोर बरी झाली नाही, नुसतं सोंग वठवायला शिकली?"

"हो."

"हो काय हो!" माझा आवाज चढला, बोळातली माणसं बघायला लागली. "रक्त आटवलंय मी त्या पोरांसाठी. सरकारचा आदर्श शिक्षिका पुरस्कार आहे मला. आणि तुम्ही कोण? मी काय शिकवलं आणि कसं शिकवलं, तुम्हाला काय ठाऊक?"

शीतल माझ्या कपाळाकडं बघत होते.

"पिवळा पत्र्याचा डबा," ते म्हणाले. "आत शेंगदाण्याची चिक्की. बाईंच्या टिकलीकडं पाच मोजेपर्यंत बघितलं की एक तुकडा. दहा मोजेपर्यंत बघितलं की दोन. हात हलले की डबा बंद. टिकली मरून रंगाची, मोठी."

मी बाकड्यावर बसले.

"मी आता टिकली लावत नाही," मी म्हटलं. काहीतरीच बोलले. आमचे हे गेले तेव्हाच मी ती काढली होती. लोकांनी सांगितलं, ठेव, आता कोण मानतंय? पण मनच होईना.

"दिसतंय," शीतल म्हणाले. "जागा पाठ आहे."

मग मला नाकावरची खूण दिसली. म्हणजे दिसत सकाळपासनं होती. पोरीचं नाक टोचा, मुलीसारखी दिसू दे जरा, असं तिच्या आईला मीच भरीला घातलं होतं, आणि टोचताना दोन्ही हात मीच धरून ठेवले होते. भिंतीवरच्या फोटोतली नथ त्याच नाकात होती. त्या पोरीचं नाव मी इथं सांगत नाही. शीतलनी ते मागं ठेवलंय, मी कशाला उकरून काढू?

"सकाळी बोलला का नाहीस मग?" मी कसंबसं विचारलं. "मी एवढी बडबड करत होते..."

"तुम्ही विचारलं नाही." मग म्हणाले, "बाई, शाळेतनं घरी गेलं की मला उलटी व्हायची. रोज. आईला वाटायचं डब्यातलं सोसत नाही. आधी बटाटा बंद केला, मग मेथी, मग दूध. दिवसभर टिकलीकडं बघून व्हायची ती उलटी. मला तेव्हा सांगता यायचं नाही. नऊवारीच्या दिवशी तर दोनदा झाली."

"मी वाईट होते का रे?" मी विचारलं. रे म्हटलं की गं म्हटलं, तेही मला कळत नव्हतं. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

शीतलनी विचार केला. खरंच विचार केला, उगीच माझी समजूत घालायला काही बोलले नाहीत. "नाही. बाकी कुणी मला वर्गातच घेत नव्हतं, तुम्ही घेतलंत. चांगल्या होता. पण ते शिकवणं चुकीचं होतं." आणि लगेच, "लिहिताय का? बारा वीस झाले."

मी लिहिलं. मांडीवर प्रगतिपुस्तक धरून, त्याच्यावर कोरा कागद ठेवून. प्रांजलचा नमस्कार, तिचं हसू, 'आपण कसे आहात' हे सगळं मी तिला पाठ करून घेतलं आहे. ती डोळ्यांत बघत नाही, कपाळावर बघते. हात कानांवर जाऊ नयेत म्हणून मी आठ वर्षं तिला चिक्की दिली. आवाज तिला सोसत नाहीत. माझ्या शिकवण्यानं ते सोसायला लागले नाहीत, फक्त ती सांगायची बंद झाली. खाली सही केली, तारीख घातली. अक्षर इतकं वाईट माझं कधीच आलं नव्हतं.

आत मी स्वतः गेले. मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला. "बाई, हे तुम्ही तुमच्याच विरुद्ध लिहिलंय की."

"हो. सहीपण केलीय."

त्यांनी कागद शेजारच्या डॉक्टरांकडं सरकवला. मग म्हणाले, "बोलवा मुलीला."

दारात मी प्रांजलसमोर वाकले. "प्रांजल, आज टिकली नाही."

ती गोंधळली. "मग कुठं बघायचं?"

"कुठंही बघ. वाटलं तर बघू नको. हात पाहिजे तिथं ने."

"किती मोजेपर्यंत?"

"मोजायचंच नाही, बाळा."

यावेळी पाऊण तास लागला. त्रिशलानं नंतर सांगितलं. प्रांजल खुर्चीवर बसलीच नाही. खिडकीकडं तोंड करून, कान झाकून उभी राहिली, नमस्कारबिमस्कार काही नाही. टेबलाचा ड्रॉवर आपटला तर ओरडली. गणित विचारलं तर पाठमोरीच उत्तरं दिली, सगळी बरोबर. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी उठून पंखा बंद केला. त्यावर ती म्हणाली, "बरं वाटलं." तिला शाळेत कुणीच न शिकवलेलं वाक्य होतं ते.

दीडला पाच कमी असताना दाखला हातात पडला. त्रिशला माझ्या गळ्यात पडून रडली, मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका म्हणाली. मी म्हटलं, मनावरच घेणार, आणि घ्यायलाच पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रांजलनं वेगळ्या खोलीत सगळे पेपर दिले. गणितात चौऱ्याण्णव पडले. अजितरावांनी सगळ्या आळीत पेढे वाटले, माझ्याकडं दोन डबे पाठवले.

पण ते नंतरचं. त्या दुपारी आम्ही दवाखान्याबाहेरच्या गाड्यावर चहा घेतला. प्रांजल आणि त्रिशला भजी बघायला पुढं गेल्या. हेडफोन प्रांजलकडंच होते. बाकड्यावर मी आणि शीतल.

"तो फोटो काढून टाकू का?" मी विचारलं.

"नको. तो पण मीच. खाली शीतल लिहा."

मी मान हलवली. कढईत भजी फुलत होती आणि शीतल तिकडं बघत होते. सकाळपासनं पहिल्यांदा त्यांची नजर माझ्या कपाळावरनं उठली होती. मी पण कढईकडं वळून बसले.

"बाई," ते कढईला सांगितल्यासारखं म्हणाले, "मला ती चिक्की आवडायची नाही. शेंगदाण्याचं साल दातात अडकायचं."

"अगं बाई! मग काय आवडायचं?"

ते सांगायला लागले. चहा गार झाला, दुसरा सांगितला, तोही गार झाला. तासभर शीतल माझ्याशी बोलत होते, आणि एकदाही त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.